दाखल्यावाचून पाचवी : मानेवाड्यातील एका शाळाबदलाचे प्रकरण

नागपुरातील मानेवाडा भागात राहणाऱ्या एका कुटुंबाने २०२५ च्या उन्हाळ्यात, चौथी उत्तीर्ण झालेल्या आपल्या मुलीची शाळा बदलण्याचे ठरवले. मुलगी सीबीएसई मंडळाच्या, इंग्रजी माध्यमाच्या एका खासगी विनाअनुदानित शाळेत होती. पालकांना तिला घराजवळच्या अनुदानित मराठी शाळेत, पाचवीच्या सेमी-इंग्रजी तुकडीत घालायचे होते. निर्णय एप्रिलमध्ये झाला. शाळा सोडल्याचा दाखला, ज्याला आपण सगळे टीसी म्हणतो, नीट स्वरूपात हाती पडला तो ऑगस्टमध्ये. मधल्या काळात काय घडले, कोण काय म्हणाले आणि कायदा नेमके काय सांगतो, याची ही नोंद आहे. मी नागपुरातच एका अनुदानित शाळेत एकतीस वर्षे शिकवले असून निवृत्तीनंतर पालकांना अर्ज आणि कागदपत्रांच्या कामात मदत करते. या कुटुंबाची ओळख त्यातूनच झाली. कुटुंब आणि दोन्ही शाळा ओळखू येतील असे तपशील मी मुद्दाम गाळले आहेत.

निर्णयापर्यंत

वडील बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कंत्राटी तंत्रज्ञ होते. २०२४ च्या दिवाळीनंतर कंत्राट संपले आणि पुढे जे काम मिळाले त्याचा पगार आधीच्या दोन तृतीयांश होता. आई घरीच कपडे शिवते. लग्नसराईत हाताला उसंत नसते, एरवी फॉल-पिकोवर भागवावे लागते. शाळेचे शुल्क वर्षाला ४८,००० रुपये, चार हप्त्यांत भरायचे. त्यातले शेवटचे दोन हप्ते, म्हणजे २४,००० रुपये, थकले. एवढे ऐकून कोणीही म्हणेल की पैसे पुरेनात म्हणून शाळा बदलली. माझाही पहिला समज तसाच होता आणि तो चुकीचा होता.

आईने मला सांगितले ते असे. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी मुलगी परिसर अभ्यासाच्या चाचणीची तयारी करत शिवणयंत्राशेजारी बसली होती. बी रुजण्याची व्याख्या ती इंग्रजीत कुठेही न अडखळता म्हणत होती. स्वयंपाकाच्या ओट्यावर ओल्या फडक्यात मटकी बांधून ठेवलेली होती आणि तिला पांढरे, टोकदार मोड फुटले होते. आईने फडके सोडून तिच्यापुढे धरले आणि विचारले, “हे काय झालं मटकीले?” मुलगी म्हणाली, “मोड आले.” “मग तू म्हणते ते जर्मिनेशन म्हणजे काय?” मुलीने व्याख्या पुन्हा पहिल्यापासून म्हटली. आईने तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून पाहिले. तिन्ही वेळा व्याख्याच आली आणि तिसऱ्या वेळी मुलगी रडायला लागली, कारण आपले काय चुकते आहे हेच तिला कळेना. आई स्वतः बारावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकलेली आहे. “मॅडम, तिले दोन्ही गोष्टी येत होत्या, पण त्या दोन्ही एकच आहेत हे तिले माहीतच नव्हतं,” असे ती मला म्हणाली. माध्यमाच्या प्रश्नाची याहून नेमकी मांडणी मी माझ्या सगळ्या नोकरीत ऐकलेली नाही.

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचे असे होते, असे मी म्हणणार नाही. ज्या घरात इंग्रजी कानावर पडते, जिथे कोणीतरी धडा समजावून द्यायला बसते, तिथली मुले त्या भाषेत सहज रुळतात. या घरात ते शक्य नव्हते आणि शिकवणी लावण्याइतका पैसाही नव्हता.

घरातला विरोध आजोबांचा होता. त्यांनी इतवारीतल्या एका पेढीवर हिशेब लिहिण्यात आयुष्य काढले आणि नातीच्या पहिल्या वर्षाचे शुल्क स्वतःच्या शिल्लकीतून भरले. “पोरीले मागं नका ओढू. इंग्रजी नव्हती म्हणून मी जन्मभर खतावणीतच राहिलो,” हे त्यांचे म्हणणे. त्यांना लोकलाजेची चिंता आहे असे शेजारीपाजारी म्हणत, पण मला त्यात जन्मभराचा अनुभव दिसला आणि त्याचे उत्तर देणे सोपे नव्हते. शेवटी तोडगा निघाला तो सेमी-इंग्रजीचा. आपल्या राज्यातल्या अनेक मराठी शाळांत गणित आणि विज्ञान इंग्रजीतून व बाकी विषय मराठीतून शिकवले जातात. पाचवीपासून माध्यमिक शाळा सुरू होत असल्याने बदलासाठी वर्षही योग्य होते. आजोबा तयार झाले, पण मनापासून नाही.

मुलीला मात्र मे महिन्यापर्यंत कोणी विचारलेच नव्हते. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत, मुलाला स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडता यावे आणि वयानुसार त्या मताला महत्त्व मिळावे, असे स्पष्ट म्हटले आहे. निवड पालक करतात, पण शाळेत रोज जायचे असते ते मुलाला. मी तिला विचारले तेव्हा तिने दोन गोष्टी सांगितल्या. व्हॅनमध्ये शेजारी बसणारी मैत्रीण तिला सोडायची नव्हती. आणि तिने उलट विचारले, “तिथं मराठीत उत्तर दिलं तर चालते काय?”

जुन्या शाळेचे म्हणणे

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आई दाखला मागायला गेली. कार्यालयाने तीन हरकती सांगितल्या. थकलेले २४,००० रुपये आधी भरावेत. सीबीएसई शाळांचे नवे सत्र १ एप्रिललाच सुरू होत असल्याने मुलगी पाचवीच्या पटावर आलेली आहे, त्यामुळे नव्या वर्षाचा पहिला हप्ता, म्हणजे आणखी १२,००० रुपये, भरावा लागेल. आणि अर्जावर आईची सही चालणार नाही, वडिलांनाच यावे लागेल.

तिसरी हरकत आधी बाजूला करू, कारण तिच्यात दम नाही. २००९ च्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियमात ‘पालक’ या शब्दाच्या व्याख्येत वडील किंवा आई, दोघेही येतात. जन्मदाते, सावत्र वा दत्तक घेणारे, सगळे. मुलाच्या शाळेबाबत आईची सही कमी वजनाची ठरवणारे त्यात काहीही नाही. तरीही ही अट नागपुरातल्या पालकांकडून मी इतक्या वेळा ऐकली आहे की, बारा तासांच्या पाळीवर असलेल्या नवऱ्याची रजा होईपर्यंत किती आया थांबून राहिल्या असतील, याचा विचार केला तरी मन अस्वस्थ होते.

दुसऱ्या हरकतीत मंडळांच्या वेळापत्रकातला खरा पेच आहे. विदर्भातल्या राज्य मंडळाच्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात. त्यामुळे सीबीएसई शाळेतून राज्य मंडळाच्या शाळेत जाणारे मूल जवळजवळ तीन महिने दोन्ही शाळांच्या मध्ये लोंबकळत राहते. पण ही मुलगी नव्या सत्रात एक दिवसही वर्गात बसली नव्हती, आणि शाळा सोडत असल्याचे आईने निकालाच्याच आठवड्यात तोंडी सांगितले होते. तोंडी सांगणे ही तिची चूक झाली, कारण पुढे तिच्याकडे त्याचा पुरावा राहिला नाही.

पहिली हरकत मात्र गंभीर आहे आणि शाळेची बाजू मी हलकी लेखत नाही. शाळेचे हिशेब पाहणाऱ्या गृहस्थांनी मला शांतपणे सांगितले की शिक्षकांचे पगार याच शुल्कातून होतात, वंचित व दुर्बल घटकांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांवरील मुलांच्या शुल्काची शासनाकडून येणारी प्रतिपूर्ती वेळेवर मिळत नाही, आणि दाखला एकदा हातातून गेला की थकबाकी वसूल होत नाही. यातले पहिले दोन मुद्दे खरे आहेत. तिसरा मुद्दाही अनुभवाने खरा असेल. पण थकबाकी हे शाळा आणि पालक यांच्यातले देणे आहे. त्याच्या वसुलीसाठी शाळेला दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला आहे. मुलीचा दाखला हे त्या देण्याचे तारण होऊ शकत नाही.

कायद्यातले बाहेरचे दार

शाळा निवडीच्या हक्काबद्दल आपल्याकडे बोलणे होते ते जवळजवळ सगळे प्रवेशाबद्दल. खासगी शाळांतील पंचवीस टक्के जागा, त्यांची ऑनलाइन सोडत, एक किलोमीटर आणि तीन किलोमीटरचे अंतर, उत्पन्नाचे दाखले, पडताळणी समित्या, यांवर दरवर्षी पालक जागे असतात आणि ते योग्यच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून, शासकीय वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी विनाअनुदानित शाळांना या जागांमधून सूट दिली, तेव्हा पालक न्यायालयात गेले आणि १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. प्रवेशाच्या दाराशी अशी लढाई झाली. बाहेर पडण्याच्या दाराशी मात्र एकेकटी आई उभी असते आणि तिच्यामागे कोणी नसते.

या दाराची व्यवस्था अधिनियमाच्या कलम ५ मध्ये आहे. सहा ते चौदा वयोगटातील मुलाला कोणत्याही कारणाने एका शाळेतून दुसरीकडे जायचे असेल तर त्याला बदलीचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तात्काळ द्यायचा आहे. दाखला सादर करायला उशीर झाला, हे नव्या शाळेने प्रवेश लांबवण्याचे किंवा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. आणि दाखला देण्यात विलंब करणारा मुख्याध्यापक सेवा-नियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. या हक्काला एक मर्यादा आहे आणि ती पालकांनी नीट समजून घ्यावी : बदली म्हणून दुसऱ्या खासगी विनाअनुदानित शाळेत किंवा केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय यांसारख्या विशेष वर्गातील शाळेत जागा मागता येत नाही. शासकीय, महानगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळेत मागता येते. आमची मुलगी अनुदानित शाळेत जात असल्याने तिचे प्रकरण कलमाच्या अगदी मध्यात बसत होते.

कलमात एक उणीव आहे. ‘तात्काळ’ म्हणजे किती दिवस, हे त्यात लिहिलेले नाही. माझ्या मते सात दिवसांची मुदत नियमांतच घातली पाहिजे, कारण मुदत नसलेला शब्द कार्यालयाच्या टेबलावर हवा तितका ताणता येतो.

थकबाकीच्या मुद्द्यावर मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये निर्वाळा दिला की, दाखला हे शुल्कवसुलीचे साधन नाही आणि दाखल्यावर थकबाकीचा उल्लेखही करता येणार नाही. तो निकाल महाराष्ट्रातल्या शाळांवर थेट बंधनकारक नाही, पण त्यामागे तोच केंद्रीय अधिनियम आहे, म्हणून आम्ही त्याचा आधार घेतला.

माध्यमाबद्दलही एक निकाल आठवणीत ठेवण्याजोगा आहे. कर्नाटक शासनाने प्राथमिक शाळांत मातृभाषेचे माध्यम सक्तीचे केले होते. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती सक्ती घटनाबाह्य ठरवली. मूल कोणत्या भाषेतून शिकेल हे पालकांनी ठरवायचे, कारण तो अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असा त्याचा आशय. मराठी शाळांच्या चळवळीत काम करणाऱ्या माझ्यासारख्या अनेकांना तेव्हा तो निकाल इंग्रजी शाळांचा विजय वाटला होता आणि आम्ही हळहळलो होतो. या प्रकरणात तो मी पुन्हा वाचला. त्याने हक्क दिला आहे तो निवडणाऱ्या पालकांना. इंग्रजी निवडणाऱ्याला जेवढा, तेवढाच इंग्रजी सोडून मराठीकडे येणाऱ्यालाही. मुलीला इंग्रजी शाळेत घालताना जो हक्क या आईवडिलांनी वापरला, तोच हक्क ते आता दुसऱ्यांदा वापरत होते, आणि या दुसऱ्या वेळी त्याची किंमत ३६,००० रुपये सांगितली जात होती.

नव्या शाळेतली अडचण

मुख्याध्यापिका सहृदय होत्या. शाळा उघडली त्या दिवशीच त्यांनी “बसू द्या तिला” म्हणून मुलीला वर्गात पाठवले. पण नाव जनरल रजिस्टरला चढवायला त्या तयार नव्हत्या आणि त्याचे कारण त्यांनी उघडपणे सांगितले. विद्यार्थ्याची ऑनलाइन नोंद जुन्या शाळेने सोडल्याशिवाय नव्या शाळेकडे येत नाही. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शिक्षकांची किती पदे टिकतील हे ठरते. नोंद नसलेले मूल वर्गात बसले तरी त्या हिशेबात धरले जात नाही. पटसंख्येअभावी शिक्षक अतिरिक्त ठरण्याची टांगती तलवार ज्या शाळांवर आहे, त्यांच्या मुख्याध्यापिकेची ही भीती मी समजू शकते. माझ्याही शाळेत आम्ही वर्षानुवर्षे ‘आधी दाखला, मग नाव’ असेच चालवले, आणि दाखल्याच्या उशिरावरून प्रवेश अडवता येत नाही हे कलम ५ चे परंतुक त्याच्या विरुद्ध आहे हे कधी कोणी बोलून दाखवले नाही. त्याचे मला आज वाईट वाटते.

याचा अर्थ मुलीसाठी काय होता, ते हजेरीच्या वेळी दिसे. बाई नावे घेत, मुली ‘उपस्थित’ म्हणत, आणि हिचे नाव येतच नसे. पटावर नाव नसल्याने मोफत पाठ्यपुस्तकांचा संच तिला मिळाला नव्हता; मराठीचे पुस्तक ती शेजारणीच्या मांडीवर वाचत असे. पोषण आहाराची खिचडी तिला वाढत असत, पण ताटांचा आकडा लिहिताना मदतनीस दरवेळी बाईंकडे पाहत. तिसऱ्या आठवड्यात ती घरी म्हणाली, “माझं नाव घेतच नाहीत.” दुसऱ्या दिवशी आईने हे वर्गशिक्षिकेच्या कानावर घातले. बाईंनी हजेरीपट उघडला आणि शेवटच्या ओळीखाली पेन्सिलीने तिचे नाव लिहिले. त्या दिवसापासून नाव घेतले जाऊ लागले. बाईंनी आपल्या अधिकारात जेवढे होते तेवढे केले होते.

अर्ज आणि निकाल

लेखी काम आम्ही मे महिन्यात सुरू केले. अर्ज आईने स्वतःच्या अक्षरात लिहिला : मुलीचे नाव, वर्ग, जनरल रजिस्टर क्रमांक, नव्या शाळेचे नाव, कलम ५ चा उल्लेख, आणि दाखला व प्रगतिपत्रक देण्याची विनंती. त्याच अर्जात तिने २४,००० रुपयांची थकबाकी मान्य केली आणि दरमहा ४,००० रुपयांच्या सहा हप्त्यांत ती फेडण्याची लेखी हमी दिली. हे लिहावे की नाही यावर घरात वाद झाला. वडिलांचे म्हणणे होते की कायदा आपल्या बाजूने आहे तर कबुली कशाला द्यायची. आईने ऐकले नाही. शिक्षकांनी शिकवले आहे, त्यांचे पैसे द्यायचे आहेत, ही तिची भूमिका सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच राहिली. नव्या वर्षाच्या १२,००० रुपयांना मात्र तिने साफ नकार दिला.

कार्यालयाने अर्ज घेतला, पण पोच दिली नाही. म्हणून जूनमध्ये त्याचीच प्रत स्पीड पोस्टाने पाठवली आणि पोहोचल्याची नोंद छापून ठेवली. उत्तर आले नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शिक्षण विभागाकडे तक्रार दिली. अधिनियमाच्या कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे तक्रार करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायचा असतो. आवक शिक्का मारलेली प्रत आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणली, बाहेर पाऊस होता. सुनावणी २२ जुलैला झाली. शाळेच्या प्रतिनिधींनी थकबाकीचा मुद्दा मांडला, अधिकाऱ्यांनी हप्त्यांची लेखी हमी वाचली आणि दाखला देण्यास सांगितले. सगळे मिळून वीस मिनिटे लागली.

तीन दिवसांनी दाखला मिळाला. त्यावर शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिले होते : ‘फी बाकी’.

इथे मी सल्ला दिला की आता थांबावे. तीन महिने गेले होते आणि नव्या शाळेला हा दाखला चालणार होता. आईने तो दाखला माझ्यापुढे ठेवून विचारले की हा कागद मुलीसोबत दहावीपर्यंत जाईल काय. जाईल, म्हणजे नव्या शाळेच्या फाइलमध्ये तो राहील, हे मला कबूल करावे लागले. ती तो दाखला घेऊन परत गेली, मद्रासच्या निकालाची माहिती आणि पहिल्या हप्त्याची पावती सोबत ठेवून तिने शेरा नसलेला दाखला मागितला. माझा सल्ला चुकला होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दुसरा, स्वच्छ दाखला मिळाला आणि ऑनलाइन नोंदही त्याच आठवड्यात हलली.

त्यानंतर

मुलीला नव्या शाळेत सगळे सोपे गेले, असे नाही. बोलण्यात ती सगळ्यांच्या पुढे आहे, पण मराठी लिहिताना जोडाक्षरे अडतात, ऱ्हस्व-दीर्घ चुकतात आणि पहिल्या सत्रात मराठीतच तिला सर्वांत कमी गुण मिळाले. विज्ञान इंग्रजीतूनच आहे, पण बाई धडा आधी मराठीत बोलतात, मग पुस्तकातला इंग्रजी शब्द फळ्यावर लिहितात. आजोबा रोज संध्याकाळी तिच्याकडून इंग्रजी वर्तमानपत्राचा एक मथळा वाचून घेतात आणि अर्थ मराठीत सांगायला लावतात. त्यांचे मत बदललेले नाही, आणि ते बदलावे असा आग्रहही आता घरात कोणी धरत नाही. थकबाकीचे हप्ते ठरल्याप्रमाणे जात आहेत.

मुख्याध्यापिकांनी यानंतर आपल्या कार्यालयात एक बदल केला. बाहेरून येणाऱ्या मुलांच्या प्रवेश अर्जाला आता कलम ५ खालील दाखला-मागणीचा एक कोरा नमुना जोडलेला असतो. पालकाने, आई असो वा वडील, तो तिथेच भरायचा आणि शाळा स्वतःच्या पत्रासोबत तो जुन्या शाळेला पाठवणार. दाखला यायचा तेव्हा येईल, पण हजेरीपटावर नाव पहिल्याच दिवशी शाईने लिहायचे, असे त्यांनी शिक्षकांच्या सभेत सांगितले आहे.